शेवटच्या बांधीतलं पाणी

"पेढा का जिलेबी, डॉक्टर?"

सोनोग्राफीच्या खोलीच्या दारात उभा राहून एका ठेकेदाराने डोळा मारत विचारलं. त्याची सून आत टेबलावर होती, आणि भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी हातभर पाटी होती. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, खूप विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "चिवडा."

"म्हणजे?"

"म्हणजे शेंगदाणे, डाळवं, कढीपत्ता, सब बराबर हाय. सुनेले तिखट जरा कमी देत जा. पुढचा पेशंट!"

पुढची पेशंट मी होते. बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी हसले नाही. त्या काळी मी हसतच नसे. मी सिंदेवाहीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बीएस्सी बीएड बाई होते, साडीला खळ आणि खळीला पिना, आणि हसल्याने वर्गावरचा वचक जातो अशी माझी पक्की समजूत होती. आता आजी झाले आणि दिवसभर फिदीफिदी हसत असते. विदर्भाचा अनुशेष काही भरून निघाला नाही, माझा मात्र मी भरून काढला.

डॉक्टरांचं नाव सांगत नाही. चंद्रपुरात त्यांना नावाने कोणी हाक मारतही नसे. मशीनवाले डॉक्टर, एवढं म्हटलं की रिक्षावाला बसस्टँडजवळच्या एका दुकानापाशी आणून सोडायचा. ते दुकान त्यांच्या अब्बांचं, मोटर वाइंडिंगचं. जळालेल्या मोटारी, तांब्याच्या तारांची भेंडोळी, वार्निशचा उग्र वास. त्याच्याच माडीवर लेकाने सोनोग्राफीचं मशीन टाकलं होतं. खाली शेतातले पंप दुरुस्त व्हायचे, वर पोटातले पंप तपासले जायचे. जिना एकच. त्यामुळे कोरपन्याकडचा एखादा शेतकरी खांद्यावर मोटार घेऊन सरळ वर यायचा, आणि आठवा महिना लागलेली एखादी बाई खाली अब्बांसमोर जाऊन बसायची. अब्बा तिला चहा पाजून वर पाठवत. डॉक्टर मात्र मोटारवाल्याला खाली पाठवत नसत. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून तिथेच मोटार उघडत, आणि पोटाला जेल लावून आडव्या पडलेल्या बाईला म्हणत, "दोन मिनिट हां बाई. याचं बेअरिंग गेलं वाटते."

मोठ्या माणसांशी त्यांचं बोलणं असं अंगावर येणारं. बड्या अधिकाऱ्यालासुद्धा 'अरे भाई' म्हणायचे. सगळी अदब त्यांनी पोटातल्यांसाठी राखून ठेवली होती. त्यांना ते 'मेहमान' म्हणत. "मेहमान, जरा इकडे तोंड करा. तकलीफ देऊन राह्यलो, माफ करा." अख्ख्या महाराष्ट्राला वीज देणाऱ्या चंद्रपुरात भर दुपारी लाइट जायची. मशीन बंद, पंखा बंद, खोलीत काळोख. डॉक्टर पोटाशी वाकून सांगायचे, "घाबरू नोका मेहमान. तुमच्याकडे तर कायमच लोडशेडिंग."

आणि तिसरी खोड, जिच्यामुळे त्यांचा धंदा कधी धड चालला नाही: "मले समजलं नाई." हे वाक्य ते चारचौघांत, मोठ्या आवाजात, अगदी खुशीत म्हणत. लोक एसटीने धक्के खात यायचे, तासन्‌तास बाकावर बसायचे, आणि डॉक्टर पडद्यावरून मान वर काढून म्हणायचे, "बाई, हे मले समजलं नाई. परत या." एकदा एका सासऱ्याने चिडून विचारलं, "मंग डाक्टर कायचे तुम्ही?" डॉक्टर म्हणाले, "समजत नाई ते समजणारा डॉक्टर."

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मी वर्गात आयुष्यात एकदाही 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं. एका पोराने विचारलं होतं, बाई, माशाला तहान लागते का? मी त्याला अंगठे धरायला लावले होते.

तर मी टेबलावर. सोबत माझ्या सासूबाई, आमची माय. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलेली बाई. निळ्या काठाचं लुगडं, आणि जगातल्या कोणाचीही भीती नाही. नवराही सोबत होता. त्याचं काम गप्प राहण्याचं; ते त्याने पुढेही प्रत्येक वेळी चोख केलं.

डॉक्टरांनी आधी आवाज लावला. खोलीभर धप्-धप्-धप् घुमलं. माय टुणकन उठली. "अगं माय! हे तं धान कांडून राह्यलं!"

"भरपूर कांडून राह्यलं," डॉक्टर म्हणाले. "आता रंग पाहू."

पडदा काळा-पांढरा होता, त्यात एकदम रंग भरले. एक लाल झोत, आणि त्याच्या पलीकडे हृदयातून निघून खाली उतरणारा दुसरा. निळा. चांगला ठसठशीत निळा.

मला रडूच फुटलं. मी दरवर्षी नववीला हृदय शिकवत असे. फळ्यावर हृदय काढायचं, उजवी बाजू निळ्या खडूने, डावी लाल. लाल म्हणजे शुद्ध रक्त, निळं म्हणजे अशुद्ध. निळा खडू मी स्वतःच्या पैशाने आणायची, इतकी माझी त्या आकृतीवर भक्ती. आणि आता माझ्याच लेकराच्या महारोहिणीत, जिथे शुद्धातलं शुद्ध रक्त असायला हवं, तिथे निळं वाहत होतं.

"डॉक्टर," मी मोठ्या धीराने म्हटलं, "रक्त अशुद्ध आहे."

त्याच क्षणी माझ्या कानाशी माय गरजली, "जयभीम!"

"काय झालं?" डॉक्टर दचकले.

"निळं हाय ना!" मायच्या डोळ्यांत पाणी. "माह्यं नातरू पोटातूनच निळा झेंडा घेऊन राह्यलं, भाऊ!"

इकडे सून रडते, तिकडे सासू जयभीम करते, आणि मध्ये हा माणूस खुर्चीवरून घसरेपर्यंत हसतो. डोळे पुसत त्याने समजावलं. "मॅडम, माय, दोघी ऐका. मशीनले शुद्ध-अशुद्ध काई समजत नाई. रक्त आपल्याकडे येऊन राह्यलं की लाल दाखवते, दूर जाऊन राह्यलं की निळं. बसस्टँडवरच्या गाड्यांसारखं. येणारी लाल, जाणारी निळी. बास."

आणि तेवढ्यात पोटातल्या मेहमानांनी कूस बदलली. निळा झोत पाहता पाहता लाल झाला.

माय पडद्याकडे बोट करून म्हणाली, "अजून मतदार यादीत नाव नाई, अन् पार्टी बदलली?"

एवढ्यावर ते प्रकरण संपलं असतं तर ही गोष्ट मी सांगितली नसती. पण डॉक्टरांचं हसणं मध्येच थांबलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, पोटावरचा हात स्थिर केला आणि बराच वेळ एकाच जागी बघत राहिले. खालून अब्बांच्या हातोडीचा आवाज येत होता, तोही मला नको झाला.

"मेहमान, जरा थांबा," ते हळूच म्हणाले. मग आम्हाला सांगू लागले. सांगायची त्यांची रीत अशी की माझ्या फळ्यावरची आकृती पार पुसली गेली. आमच्या झाडीपट्टीत धानाच्या खाचराला बांधी म्हणतात. एका बांधीतलं पाणी धुऱ्याला, म्हणजे मधल्या बांधाला, पाडलेल्या फटीतून दुसरीत उतरतं, दुसरीतून तिसरीत. डॉक्टर म्हणाले, पोटातल्या लेकराची फुप्फुसं म्हणजे पडीक बांधी. तिथे अजून पेरलंच नाही, तर पाणी कशाला पाठवायचं? म्हणून देवाने दोन सोयी केल्या. हृदयाच्या मधल्या धुऱ्याला एक फट, आणि बाहेर एक बाजूचा पाट. पाणी पडीक बांधी चुकवून थेट खाली जातं. जन्म झाला, लेकरू रडलं, की फुप्फुसांची पेरणी सुरू. मग फट बुजते, पाटही आपोआप बंद होतो.

"मंग अडचण काय, भाऊ?" माय म्हणाली.

"मोठी नळी जिथं वळते ना माय, तिथं मले बारीक वाटून राह्यली. आज पाट उघडा हाय, म्हणून खाली पाणी भरपूर. पण जन्मल्यावर पाट बंद झाला, अन् नळी खरंच बारीक असली, तं खाली पाणी पोचणार नाई. त्या वेळी लेकरू सिंदेवाहीत असलं तं..."

"आहे का बारीक? हो की नाही?" मी वर्गातली बाई होऊन विचारलं.

"मले समजलं नाई."

मला त्यांचे अंगठे धरायला लावावेसे वाटले. मी जाहीर केलं की माझं बाळंतपण सिंदेवाहीतच होईल, डॉक्टरीणबाई ठरल्या आहेत, खोली सारवून तयार आहे, आणि ज्याला स्वतःला समजत नाही अशा माणसाच्या वाटण्यावर मी नागपूरला जाऊन पडणार नाही. डॉक्टर जिन्यापर्यंत सोडायला आले आणि पोटाकडे बघून म्हणाले, "मेहमान, समजावा तुमच्या आईले."

मेहमानांनी काय समजावलं कोण जाणे, पण मला झोप येईना. काही दिवसांनी डॉक्टर स्वतः फियाट घेऊन सिंदेवाहीत हजर झाले. नागपुरात त्यांच्या एका वर्गमित्राकडे एमआरआयचं मशीन आलं होतं. परदेशात म्हणे त्या मशीनने पोटातल्या लेकराचं वाहतं रक्त बघायचा खटाटोप चालू होता. आमच्या डॉक्टरांनी ते कुठेतरी वाचलं होतं आणि तेव्हापासून त्यांचं जेवणावर लक्ष नव्हतं. "ते मशीन वाहत्या पाण्याले खूण करते मॅडम, अन् खूण किती पुढं गेली ते पाह्यते! म्हणजे नळीतून किती रक्त चाललं ते दिसलं पाह्यजे."

"दिसेल?"

"मले माहीत नाई," ते आनंदाने म्हणाले. "मोठ्या माणसाच्या छातीले तारा लावून ठोक्यांचा ताल मशीनले देता येते. मेहमानाले तारा कुठून लावाव्या? अन् ते हललं की खेळ खलास. पण पाहू तं!"

मी 'नाही' म्हणणार होते. माय आधीच फियाटमध्ये बसली होती.

एमआरआयच्या खोलीत लोखंड चालत नाही. टेक्निशियनने ट्रे पुढे केला. डॉक्टरांच्या खिशातून निघालं ते असं: स्क्रू-ड्रायव्हर, छोटा स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर, एक बेअरिंग, अडकित्ता, आणि कोण्या शेतकऱ्याच्या मोटारीचा एक नट, जो ते कधीपासून शोधत होते. "अरे, हा इथी होता काय!" टेक्निशियन हसला. मग माझी पाळी आली. माझ्या अंगावरून पिना निघू लागल्या. खांद्याची, निऱ्यांची, पदराची, पदराच्या पिनेला धरून ठेवणारी पिन, अंबाड्यातले आकडे. ट्रे भरला. टेक्निशियनने दुसरा ट्रे आणला. माय त्याला म्हणाली, "भाऊ, घाई नोको करू. सुनेले पिना काढल्या तं काई उरते का तेवढं पाह्य."

जोडवी निघेनात, पाय सुजले होते. डॉक्टर खाली बसले, दोरा घेऊन बोटाला घट्ट गुंडाळत गेले, मोटारीला तार गुंडाळतात तसे, आणि जोडवं दोऱ्यावरून फिरवत अलगद काढलं. शाळेतल्या बाईचे पाय असे कोणी धरलेले नव्हते. मी छताकडे बघितलं.

मशीनच्या पोटात मी, माझ्या पोटात मेहमान. मशीनने जो ठणठणाट सुरू केला, तो टिनाच्या छपरावर कोणी दगड ओतावेत तसा. मेहमानांना तो फार आवडला. त्यांनी आत असा नाच सुरू केला की पहिला फोटो जत्रेतल्या पाळण्यातून काढल्यासारखा आला. दुसरा तसाच. तिसऱ्यात तर माझं काय आणि लेकराचं काय, कळेना.

मग भोंग्यातून डॉक्टरांचा आवाज आला. "मॅडम, तुमच्या तासाले पोरं झोपतात म्हणे?"

"कोण म्हणतं?"

मागून मायचा आवाज: "अख्खी सिंदेवाही म्हणते."

"कोणत्या धड्याले सगळ्यात जास्त?" डॉक्टरांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

मी आडवी, पिनांवाचून, घामाघूम. खोटं बोलायला ताकद नव्हती. "हृदयाच्या," मी म्हटलं.

"मंग घ्या तास. मशीन थांबलं की शिकवा, सुरू झालं की श्वास धरा."

आणि मी घेतला. देवाशपथ, त्या नळकांड्यात पडून मी नववीचा तास घेतला. "मुलांनो, हृदय हे मुठीएवढं असतं. हृदयाला चार कप्पे असतात. उजवी कर्णिका, उजवी जवनिका..." मशीन ठणठणलं की गप्प, थांबलं की पुढे. डाव्या कर्णिकेपाशी पोटातला नाच मंदावला. झडपांपाशी एक आळसावलेली ढुशी आली. डाव्या जवनिकेला मी पोचले तेव्हा आत सामसूम. नववी 'अ'ची मागची बाकं झोपायची ती नेमकी तिथेच.

"दिसलं!" भोंगा किंचाळला. "दिसलं, दिसलं!" मला बाहेर काढलं तेव्हा डॉक्टर अनवाणी पायांनी गोल गोल फिरत होते, नवरा त्यांच्याकडे बघत होता, आणि टेक्निशियन खुर्चीत मान टाकून घोरत होता. त्यालाही जवनिका झेपली नव्हती.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"वळणातून रक्त चाललं! दिसून राह्यलं, हे पाहा!"

"पुरेसं चाललं?"

डॉक्टर थांबले. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पोरासारखा चेहरा झाला. "ते मले समजलं नाई."

एवढं सगळं करून! दोन ट्रे पिना काढून! मी बोलायला तोंड उघडलं, तर माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कारण तोपर्यंत मला कळून चुकलं होतं की मलाही समजत नाही. निळा खडू काही कामाचा नाही. आणि आत झोपलेलं ते लेकरू पाट बंद झाल्यावर जगेल की नाही, हे कोणत्याच फळ्यावर लिहिलेलं नाही.

डॉक्टर जमिनीवर उकिडवे बसले. "मॅडम, आमचे अब्बा सांगतात, पंप पाहाचा असला तं पंपापाशी उभं राहू नोको. शेवटच्या बांधीत जाऊन उभा राह्य. पाणी तिथं आलं तं पंपही चांगला अन् नळीही चांगली. मेहमान बाहेर आल्याबिगर शेवटची बांधी दिसत नाई. म्हणून म्हणतो, नागपूरले बाळंत व्हा. इथं लहान लेकरांच्या दिलाचे डॉक्टर हायेत. पाणी नाई पोचलं तं ते पाहतील."

माय म्हणाली, "पोरी, तुले सगळं समजते ना? मंग आता याचं ऐक."

मी ऐकलं.

मुलगी झाली. नागपुरात. गोरीगोमटी वगैरे काही नाही, वांग्यासारखी, आणि रडायला मायसारखी खणखणीत. म्हणजे पडीक बांधीत पेरणी झाली. आता पाट बंद व्हायची वाट. तिथले डॉक्टर येऊन बघून जात, आणि आमचे मशीनवाले चंद्रपूरचं मशीन बंद करून तिथेच वऱ्हांड्यात मुक्कामाला. नर्सबाई चिडून विचारायच्या, "हे कोण काका?" माय सांगायची, "पाणीवाले."

आत आले की ते आधी बोटं काखेत धरून गरम करायचे. मग मुलीचं पाऊल हातात घ्यायचे आणि घोट्याच्या आत, तिथे जी एवढीशी नाडी असते ती शोधायचे. डोळे मिटून. मग पाऊल दुपट्यात ठेवून निघून जायचे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची, मुलीकडे बघायचं धैर्य होत नसे.

एका सकाळी तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी मशीन लावून सांगितलं, की बाजूचा मार्ग पूर्ण बंद झालाय. आमच्या डॉक्टरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि मुलीचं पाऊल धरलं. बराच वेळ गेला. माझा श्वास मशीनशिवायच अडकला होता. मग त्यांनी डोळे उघडले.

"आलं," ते म्हणाले. "शेवटच्या बांधीत पाणी आलं. ठण्ण आलं!" आणि ताडकन उठून वॉर्डभर ओरडत सुटले, "मी चुकलो! मी चुकलो! नळी चांगली हाय, मीच चुकलो!"

स्वतः चुकल्याचा एवढा आनंद मी त्याआधी कोणाला झालेला पाहिला नव्हता. शिक्षकांत तर नाहीच. ते पळत बाहेर गेले आणि पोतडीभर चिवडा घेऊन आले. खाटेखाटेला वाटू लागले. एका बाईने विचारलं, "मुलगी झाली ना? मंग जिलेबी पाह्यजे."

"जिलेबी नाई, पेढा नाई," डॉक्टर तिच्या ओंजळीत चिवडा ओतत म्हणाले. "सब बराबर झालं की चिवडा."

मी त्या दिवशी हसले. टाके दुखत होते, तरी थांबता येईना. माय म्हणाली, "घ्या, सून बिघडली."

पुढे वर्गात मी 'माहीत नाही' म्हणायला शिकले, आणि पोरं जागी राहू लागली. माशाच्या तहानेचं मात्र अजून शोधतेय. डॉक्टर आता नाहीत. अब्बांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकतात. मायही गेली, निळ्या काठाचं लुगडं नेसून. ती वांगी गोरीगोमटी झाली नाही, पण आई झाली, आणि गेल्या महिन्यात तिलाही मुलगी झाली.

दवाखान्यातून घरी आणली तशी मी नातीशेजारी बसले. बोटं काखेत धरून गरम केली, दुपट्यातून पाऊल काढलं आणि घोट्याच्या आत चाचपू लागले. नात आळस देऊन पाय ओढायची, मी परत धरायची.

लेक खाटेवरून म्हणाली, "आई, काय शोधून राह्यली तू?"

"थांब," मी म्हटलं. "पाणी येऊन राह्यलं."

आणि मग मी चिवडा करायला घेतला.